मचाणावरची फळी

सोमा गेल्याची बातमी मला नागऱ्याच्या शाळेत, वर्गात शिकवत असतानाच मिळाली. त्याचा पुतण्या दवनीवाड्याहून सायकल हाणत आला. "मास्तर, काका गेले," एवढंच तो बोलला. मी काही विचारायला गेलो आणि वीस वर्षांनी प्रथमच माझी जीभ अडखळली…

तरुणपणी मी तोतरा होतो. मास्तरकीसाठी साहेबापुढे वाचून दाखवायचं होतं आणि पहिल्याच अक्षराला माझं तोंड मिटायचं. सोमा माझा शेजारी, धानाचा शेतकरी, दोन इयत्ता शिकलेला. त्यानं माझा हात धरला, गावाबाहेर नेलं आणि शेतातल्या मचाणावर बसवलं. धान भरलं होतं, पोपट उतरत होते. "पुस्तक ठेव बाजूले. आधी पाखरं हाक," तो म्हणाला. पाखरं उडवायला घालतात त्या लांब हाकेत जीभ अडकत नाही, हे त्याला कसं कळलं कोण जाणे. त्याच लयीत त्यानं मला माझं नाव हाकारायला लावलं, मग पुस्तकातल्या ओळी. कापणीपर्यंत मी वाचू लागलो. सोमा म्हणाला, "कोनाले सांगू नको."

ते पुस्तक म्हणजे गोंदियाच्या स्टेशनावर एका फेरीवाल्याकडून घेतलेलं शुभवर्तमान. त्यातही येशू एका तोतऱ्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याची जीभ मोकळी करतो आणि कुठं बोलू नको म्हणतो. का, यावर पुढं मी बरंच वाचलं. सत्तेचं भय, वेळ आली नव्हती, लोक शिकवण सोडून चमत्कारामागं लागले असते… सगळं सोमाला ऐकवलं.

"लय शिकला तू, मास्तर," तो हसला. "अरे, सांगितलं का लोक त्या गरिबाले रोज म्हनतीन, बोलून दाखव ना बाप्पा! बरा झालेला मानूस राह्यते बाजूले, अन् तमाशा होते."

उत्तर मला आवडलं. त्याहून आवडलं ते हे, की हे गुपित आम्हा दोघांचंच होतं.

तेरवीला एक म्हातारी माझ्याजवळ सरकली. "माह्या पोरालेबी त्यानं मचाणावर नेलं होतं जी. सांगू नको म्हने." मग स्टेशनावरचा एक हमाल तेच बोलला. मग आणखी एक. ते रडत होते आणि मी आतून जळत होतो. शुभवर्तमानातले लोक मनाई मोडून गावभर सांगत सुटले. मी वीस वर्षं गप्प राहिलो. पण हेही तितकेच गप्प राहिले होते! तेवढाही मान माझ्या एकट्याचा उरला नाही.

त्यांचं काय बरं झालं ते मी लिहिणार नाही. माझं मात्र इथं सांगून टाकलं. सोमानं बऱ्या केलेल्या माणसांत माझं नाव पहिलं लागावं, एवढाच हेतू.

परवा त्याच्या शेतावर गेलो. मचाण तो दरवर्षी नवं बांधायचा, बसायची फळी मात्र तीच. तिचा एक कोपरा माझ्या बसण्यानं झिजला, असं मी इतकी वर्षं धरून होतो. हात फिरवला, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत होती. मी माझ्या कोपऱ्यात बसलो. पोपट उतरले, तशी हाक घातली. पलीकडच्या शेतातून कुणीतरी हाक दिली… तशीच लांबवलेली, सोमाच्याच लयीत. मला त्या माणसाचा राग आला. मग मी त्याच्याहून मोठ्यानं हाक घातली.