हवल्लीतलं केळफूल

बातमी आली तेव्हा मी कुवेतमधल्या हवल्लीत इराणी भट्टीसमोरच्या रांगेत उभी होते. शुक्रवारची सकाळ, पुढे चार-पाच माणसं, भट्टीतून निघणाऱ्या रोट्यांचा खरपूस वास, आणि पर्समध्ये फोन थरथरायला लागला. बघते तर अनंतराव, कुंदावहिनींचे यजमान. त्यांचा फोन मला कधीच येत नसे. फोन वहिनींचा यायचा आणि मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा, एवढाच आमचा संबंध. त्यामुळे नाव दिसल्याबरोबर मी रांगेतच फोन उचलला. "उषा, कुंदा गेली गं," एवढंच म्हणाले. सकाळी चहा ठेवला, गॅस बारीक केला आणि ओट्यापाशी खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. भट्टीवाल्यानं रोट्या पुढे केल्या, मी घेतल्या आणि गाडीत येऊन बसले. त्या रोटीचा पहिला गरम तुकडा गाडीतच मोडायचा, नुसता, कशाशीही न लावता, हा आम्हा दोघींचा जुना शिरस्ता. त्या दिवशी मी पुडकं उघडलंसुद्धा नाही. घरी पोचेपर्यंत रोट्या वातड झाल्या होत्या.

वहिनी गुहागरकडच्या, मी लातूरची. आमचे नवरे एकाच कंपनीत हिशेबाच्या खात्यात, आणि हवल्लीतल्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्या आमच्या डोक्यावर राहायच्या. लग्न होऊन मी कुवेतला आले त्याच आठवड्यात त्यांनी बेल वाजवली. चहाला बोलावतील असं वाटलं, तर दारातच विचारलं, बाजार कुठून करतेस? मी मोठ्या सुपरमार्केटचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परीक्षेत नापासच झाले होते. शुक्रवारी माझ्याबरोबर चल, म्हणाल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं माझा शुक्रवार त्यांच्या मालकीचा झाला. त्यांचं म्हणणं असं की सुपरमार्केटात साबण घ्यावा, खाण्याची वस्तू घ्यावी ती दुकानदार स्वतः जे खातो ती, त्याच्याच दुकानातून. मग पालेभाजी आणि दही सीरियन माणसाकडून, सुकी लिंबं इराण्याकडून, नारळ नि कढीपत्ता कोपऱ्यावरच्या केरळी माणसाच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणि कॉफी पीत नसतानाही केवळ वास घ्यायला इथिओपियन बाईच्या दुकानात दोन मिनिटं. मी आपली पिशव्या सांभाळत मागून. माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दुकानांमधून वहिनी बोलायच्या आणि मी गप्प असायचे.

बाईंना कोकणाचा अभिमान मात्र भारी. तो मला सोसत नसे आणि मी तोंडावर सांगतही असे. अळूची पानं मिळेनात म्हणून एकदा त्यांनी सीरियन दुकानातून बरणीतली द्राक्षाची पानं आणली आणि त्यांना बेसन लावून अळुवड्या केल्या. पानं आधीच खारवलेली, त्यात पिठात वेगळं मीठ. अनंतरावांनी एक तोंडात घातली आणि उठून पाण्याचा अख्खा जग तोंडाला लावला. मी पोट धरून हसले. वहिनी काही आठवडे त्या दुकानाकडे वळल्या नाहीत, चूक पानांचीच होती म्हणे. आमटीत कोकमाऐवजी इराण्याचं काळं सुकं लिंबू मात्र इतकं झकास उतरलं की आज माझ्या घरी तसंच करतात. आम्ही मराठी मंडळी एकदा खैरानला समुद्रावर सहलीला गेलो होतो. वहिनी पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, ह्या समुद्राला वासच नाही गं. मी म्हटलं, समुद्र तो समुद्र, आम्हाला तर तोही नव्हता. तेव्हा मला ती नुसती ऐट वाटली होती...

फिलिपिनो दुकानात आम्ही शिरलो ते निव्वळ ऊन टाळायला. तळघरातलं दुकान, दारातच सुक्या मासळीचा भपकारा. मी नाकाला ओढणी लावून परत फिरणार, तर वहिनी भाजीच्या कपाटापाशी थबकलेल्या. तिथे शेवग्याचा पाला होता. कोनफळ होतं. आणि खालच्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेलं, जांभळं, टपोरं केळफूल. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. मी लातूरची, मला ते फूल आहे की फळ हेही कळेना. त्यांचे डोळे भरून आले होते ते मी बघितलं. मला बाई नवलच वाटलं, एका भाजीसाठी काय रडायचं?

दुकान मर्सीचं. बुटकी, गोल चेहऱ्याची, आमच्याच वयाची बाई. माल गुरुवारी विमानानं यायचा आणि शुक्रवारी आम्ही हजर. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी मोडकं इंग्रजी, थोडी अरबी आणि हातवारे यांवर त्यांचं मस्त चालायचं. मी वहिनी म्हणायचे ते ऐकून मर्सी त्यांना 'वैनी' म्हणू लागली. तिला वाटलं हेच नाव. एका शुक्रवारी तिनं मोठ्या प्रेमानं प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. वहिनींचा त्रास वाचावा म्हणून केळफूल साफ करून ठेवलं होतं. आत बघतो तर नुसता पांढरा गाभा! ज्यांची भाजी करायची ती सगळी बारीक फुलं बाईनं कचऱ्यात टाकून दिलेली. त्यांच्याकडे गाभा चिरून नारळाच्या दुधात शिजवतात, फुलांना फारसं कुणी विचारत नाही. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्या थँक्यू म्हणाल्या, पिशवी घेतली आणि पुढच्या शुक्रवारी काळे वाटाणे, गूळ, खोबरं घालून केलेली फुलांची भाजी डब्यातून घेऊन आल्या. मर्सीनं उभ्या उभ्या डबा संपवला.

तेव्हापासून वाटणी ठरली. एका केळफुलातली फुलं वहिनींची, गाभा मर्सीचा. गल्ल्यामागे उपड्या क्रेटवर त्या दोघी बसायच्या, हाताला तेल चोळायच्या, कारण चिकानं बोटं काळी होतात, आणि एकेक पाकळी उलगडत जायच्या. पुढे पुढे मलाही बसवलं. प्रत्येक फुलातली ती ताठ काडी आणि तिच्याशेजारचा पातळ पापुद्रा काढून टाकायचा, काडी शिजत नाही, दातात येते. किचकट काम! ह्यापेक्षा गवारी मोडलेली परवडली, असं मी दर वेळी म्हणायचे. वहिनींचं उत्तर ठरलेलं, हे एकटीनं करायचं कामच नव्हे, म्हणून तर तुला आणलं. शेवटी त्या आमचा ढीग तपासायच्या, आणि हमखास एखादी राहिलेली काडी शोधून मर्सीच्या नाकासमोर धरायच्या, माझ्याही धरायच्या. "ही कोणी ठेवली?" मर्सी माझ्याकडे बोट दाखवायची, मी मर्सीकडे. एकही काडी न राहिलेलं केळफूल मला एकदा बघायचंय, मग मी सुखानं मरेन, असं त्या हसत म्हणायच्या. आम्हीही हसायचो.

घरी परत जायचं हे वहिनींचं पालुपद होतं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. गुहागरजवळ घर बांधलं, परसात केळी लावल्या, दर सुट्टीत त्यांचे फोटो काढून आणायच्या आणि आम्हाला दाखवायच्या. मग अनंतरावांची नोकरी संपली. त्या वयात इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, वाढवून मिळेना आणि जायचं ठरलंच. मी म्हटलं, चला, सुटलात, आता खरं कोकण. वहिनी हो म्हणाल्या, पण शेवटचे काही शुक्रवार त्या दुकानांतून फार हळू चालायच्या. सीरियनाला सांगितलं, इराण्याला सांगितलं, इथिओपियन बाईनं तर कॉफीची पुडी हातात कोंबली. मर्सीकडे मात्र नेहमीसारख्या क्रेटवर बसल्या. निघताना आमच्या बोलण्यात 'बॅगा' ऐकून मर्सीनंच हसत विचारलं, "वैनी, व्हेकेशन?"

वहिनी म्हणाल्या, "येस, व्हेकेशन."

जिना चढून वर आल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंत? त्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिल्या. "तिला सांगितलं असतं ना उषा, तर मग खरंच जावं लागलं असतं."

गेल्या त्या. तिकडून दर आठवड्याला फोन यायचा, तोही शुक्रवारीच, मी बाजारात असताना. काय घेतलंस, सीरियनाकडे मेथी आली का, मर्सी कशी आहे. मी मर्सीचा निरोप सांगायचे, 'वैनी कधी येणार' विचारते म्हणून. त्या म्हणायच्या, सांग, जरा लांबलंय. मुलगा कॅनडात, शेजारची घरं बंद, अनंतराव पेपरात. मी एकदा विचारलं, केळीला केळफुलं लागली की नाही? लागली की, म्हणाल्या, चांगली टपोरी लोंबतायत. मग रोज भाजी असेल! त्यावर म्हणाल्या, "एकटीनं कोण सोलत बसतंय? शेजारच्या गाईला घालते." वीस-बावीस वर्षं परक्या देशातल्या तळघरातून ज्याच्यासाठी वणवण केली ते परसात वाढलं, आणि ते गाईपुढे... तू ये, म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत ये, तू आलीस की काढते एक. मी तिकीटही काढलं होतं. सुट्टी लागायला थोडेच दिवस उरले होते. त्यांना तेवढेही मिळाले नाहीत, आणि आम्हालाही. फार चुटपूट लागते बघा. एवढंसं मागणं होतं त्यांचं, सोलायला आणखी दोन हात हवे होते फक्त.

बातमी आल्यानंतर काही आठवडे मी मर्सीच्या दुकानाकडे गेलेच नाही. भट्टीवरून रोट्या घ्यायच्या आणि सरळ घर. शेवटी गेल्या शुक्रवारी पाय तिकडे वळले. मर्सी गल्ल्यावर होती, मला बघून उठलीच, माझ्या मागे जिन्याकडे बघायला लागली. वैनी कमिंग? मी सांगितलं, जमेल तसं, वैनी वारल्या, त्यांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरात. मर्सी क्रेटवर बसली. मी तिच्याशेजारी बसले, गिऱ्हाइकं आली नि थांबली. मग ती उठली, मागच्या फ्रीजरमधून एकेक करत पुड्या काढून आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. बर्फ धरलेल्या, प्लॅस्टिकच्या. मला कळेना. तिनं हातांनी फूल उलगडल्यासारखं करून दाखवलं. दर आठवड्याला ती स्वतःसाठी केळफूल कापायची, गाभा शिजवायची आणि फुलं साफ करून वैनींच्या वाटणीची म्हणून ठेवून द्यायची. व्हेकेशन लांबली होती ना. आली की तिला लागतील.

"व्हाय शी टेल मी व्हेकेशन?" मर्सीनं विचारलं. मी पुड्या एकेक करून पिशवीत भरायला लागले.

पुड्या मी घरी आणल्या. नवरा म्हणाला, बर्फात काळी पडली असतील, टाकून दे. काळी पडलीच होती. पण परवा दुपारी मी एक पुडी ताटात ओतली, बर्फ सुटू दिला, आणि उजेडात, खिडकीपाशी बसून एकेक फूल उलटून बघितलं. मग दुसरी पुडी काढली. मग तिसरी. हट्टानंच बघत होते, एखादी तरी सापडेल, नाकासमोर धरता येईल अशी...

एकाही फुलात काडी राहिलेली नव्हती.