बायकोच्या आवाजाला तीन थेंब तेल

२००३ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी माझ्या बायकोचा आवाज तेल घालून बंद केला.

हे बोलायची रीत म्हणून सांगत नाही. खरोखरचं तेल. तीन थेंब. आणि वरून स्वच्छ पुसूनही घेतलं!

पहिल्यापासून सांगतो. मी चौथी पास. (चौथीत दोनदा बसलो, म्हणजे खरं पाहता पाचवी झालीच.) इंदूरच्या मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे जिथं सूत कातलं जातं तिथं, जन्म काढला. शेवटी शेवटी जॉबर, म्हणजे साच्यांवरचा मुकादम होतो. साचा कुरकुरला की सगळे ओरडायचे, "जॉबरला बोलवा!" मी नुसता कान लावून सांगायचो, अमुक चाती सुकली आहे. चातीला, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या सळईला, साहेब लोक स्पिंडल म्हणायचे. इंग्रजी मला फार येत नाही, पण स्पिंडल हा शब्द माझ्या घरचा.

मग मिल बंद पडली. साचे भंगारात गेले, ट्रकामागून ट्रक, आणि आम्ही फाटकाबाहेर उभे राहून बघत होतो. मी शेवटच्या दिवशी लांब नळीची तेलाची कुपी पिशवीत घालून घरी आणली होती. चोरी म्हणा हवं तर. एवढ्या वर्षांत तिला माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता.

कुसुम, माझी बायको, बोलायची फार. भाजीवाल्याशी, गायीशी, गॅसच्या शेगडीशी. दिवसभर साच्यांचा गोंगाट ऐकून आलेला माणूस घरी काय मागणार? "अगं, जरा गप्प बस की!" हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणत आलो. देवानं ते ऐकलं. पण त्यानं इतक्या उशिरा आणि इतकं नीट ऐकायला नको होतं. तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, जीव वाचेल, आवाज जाईल.

आमची मुलगी सुनीता पुण्याहून धावत आली. तिला तेव्हा चौथा महिना. जावयांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता, तर त्यांचा जुना आमच्याकडे येऊन पडला होता. सुनीनं त्याला माईक लावला आणि आईला म्हणाली, "आई, मला म्हणायचीस ती अंगाई म्हण. बाळाला ऐकवायला."

कुसुमनं म्हटली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

सुनीला त्याची कॉपी पुण्याला न्यायची होती, पण अंगाई फ्लॉपीत मावेना. "बाबा, राहू दे इथेच. बाळंतपणाला येणारच आहे, तेव्हा बघू. तोवर तुम्ही सांभाळा." मी म्हणालो, "अगं, मी अख्खं खातं सांभाळलंय. ही एक पेटी काय चीज आहे!"

पुढं कुसुम पाटीवर लिहून बोलायला लागली. ती सातवी पास, हात भरभर चालायचा. मी अक्षर लावून लावून वाचणारा. पहिली ओळ माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ती पुसून तिसरी लिहायची. त्यामुळे आमच्या भांडणात माझं उत्तर नेहमी मागच्या पाटीला जायचं. ती लिहायची, "चहा घेणार का?" आणि मी तावातावानं म्हणायचो, "मुळीच नाही, तुझ्या भावानंच सुरुवात केली!"

रोज दुपारी ती पेटी सुरू करून आपला आवाज एकदा ऐकायची. मी त्या वेळी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. माणूस खुर्चीत मुका बसलेला आणि त्याचा आवाज डब्यातून येतोय, हे मला बघवत नव्हतं. तिला सांगायचो, "आत उकडतं."

हळूहळू पेटी मंदावली. बटण दाबावं, चहा टाकावा, प्यावा, कपबशी विसळावी, तेव्हा कुठे पडद्यावर काही दिसायचं. एक दिवस अंगाई अडखळायला लागली. ओट्यापर्यंत ऐकू आलं, "नीज गं चि-चि-चि-चि..." आणि आतून कट-कट, कट-कट. कुसुम दारात आली. पाटीवर लिहिलं होतं, "मुकेशजींना बोलवा. आत्ता."

मुकेश भिया (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे, पन्नाशीचे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. (आमची मिल बंद पडत गेली तसं त्यांचं दुकान वाढत गेलं. यात त्यांचा दोष नाही, पण मला ते आवडत नसे.) त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दहा मिनिटं टकटक केली आणि म्हणाले, "काकाजी, इसमें तो वायरस घुसा हुआ है. तगड़ा वाला."

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चार वेळा बजावलं होतं, हिला इन्फेक्शन होऊ द्यायचं नाही!

"कुसुम, मागे हो! तोंडावर पदर घे!"

"अरे काकाजी, वो वाला वायरस नहीं..."

"तुम्ही पण हात धुवा भिया, साबणानं!"

मुकेश भिया, त्यांच्या परीनं खूप समजावून, दोन दिवसांनी सफाईची सीडी घेऊन येतो म्हणाले आणि गेले. ते दोन दिवस मी पेटीवर प्लास्टिक बांधून ठेवलं. भोवती फिनाईलचं पोतेरं फिरवलं. कुसुमला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. ती उंबऱ्यावर उभी राहून पाटी नाचवायची. एकदा लिहिलं, "वेडे आहात का?" एकदा लिहिलं, "ती पेटी आहे, पेशंट नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं काही लिहिलं नाही. नुसती उंबऱ्यावर बसून प्लास्टिककडे बघत राहिली. तरी मी हटलो नाही. मी असाच आहे.

तिसऱ्या दिवशी भिया आले, व्हायरस काढला. पण कट-कट चालूच. त्यांनी पेटीला कान लावला. (माझ्यासमोर! कान!) मग एक सपाट लोखंडी डबी बोटानं दाखवून म्हणाले, "काकाजी, असली बीमारी ये है. हार्ड डिस्क. काकीजी की आवाज इसी में भरी है. मेरे को लगता है स्पिंडल अटक रहा है."

"काय अटकतंय?"

"स्पिंडल. छोड़ो, आप नहीं समझोगे. कल मैं दूसरी डिस्क लाके इसका माल उसमें उतार लूँगा. तब तक चालू मत करना. हाथ भी मत लगाना."

आप नहीं समझोगे! स्पिंडल! मला!

भिया गेले, पण ते वाक्य काही जाईना. रेडिओवाला माणूस जॉबरला सांगतो की स्पिंडल तुला समजणार नाही. जेवण गेलं नाही मला. कुसुमनं लिहिलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आमटीत मीठ कमी आहे." (आमटी उत्तम होती.)

दुपारी ती आत आडवी झाली. मी कुपी काढली.

डबीचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे निघाले. कोणी उघडू नये म्हणूनच तसे केले असणार, पण ते माझ्या डोक्यात नंतर आलं. मी जुना पेचकस घासून घासून त्यात बसवला. झाकण निघालं, आणि सांगतो, इतकी सुंदर वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. आत एक तबकडी, आरशासारखी. त्यात माझं तोंड दिसलं. मधोमध चाती. आणि चाती कोरडी ठणठणीत!

मी मनात म्हटलं, बघा, सगळ्यांची अक्कल बघा. हिला तेल द्यायचं कोणाला सुचलं नाही.

एक थेंब. दोन. तिसरा प्रेमानं. बोटानं चाती फिरवून बघितली, लोण्यासारखी फिरली. थोडं तेल तबकडीवर ओघळलं, तर ते मी मऊ सुती फडक्यानं पुसलं. एकदा नाही, तीनदा, गोल गोल, चकाकेपर्यंत. आम्हाला मिलमध्ये शिकवलंय, काम झालं की साचा पुसून ठेवायचा.

सगळं जोडून बटण दाबलं. कट-कट बंद! मी ओरडलो, "कुसुम! ये, तुझा आवाज दुरुस्त केला!"

ती पदर सावरत आली. तेवढ्यात आतून एक आवाज आला, पत्रा दगडावरून ओढल्यासारखा. मग तोही बंद. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथंच बसून राहिली. कुसुमनं कुपीकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाटी उचलली.

"काय केलंत?"

ही पाटी मी एका दमात वाचली.

"तेलपाणी," मी म्हणालो.

मुकेश भियांना मीच जाऊन घेऊन आलो. त्यांनी डबी हातात घेतली, नाकाशी नेली आणि मटकन बसले. "ऐ काकाजी, ये क्या कर दिया आपने! तेल?"

"मशीनचं तेल आहे, भिया. खाण्याचं नाही."

"और ये पोंछा किसने?"

"मीच. स्वच्छ फडकं होतं."

भियांनी डबी हळूच मांडीवर ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात, जसं डॉक्टर बाहेर येऊन बोलतात तसं म्हणाले, "काकाजी, आवाज इसी थाली पे लिखी हुई थी."

"म्हणजे?"

"मतलब पोंछ दी आपने."

मी जॉबर माणूस. मिल बंद झाली त्या दिवशी फाटकाशी सगळे रडले, मी रडलो नाही, उलट त्यांना बोललो. त्या संध्याकाळी मात्र मी तेच फडकं हातात घेऊन जमिनीवरच बसलो. भियांनी पाणी दिलं. त्यांचं ते "आप नहीं समझोगे" मला कसं लागलं, ते मी त्यांना सांगून टाकलं. ते उठताना म्हणाले, "गलती मेरी भी है. मैंने वो बात नहीं बोलनी थी." चांगला माणूस. मी त्यांच्याबद्दल मघाशी जे बोललो ते मागे घेतो.

कुसुम पलंगाच्या कडेला तोंडाला पदर लावून बसली होती. खांदे हलत होते. आता आवाज नसलेलं माणूस हसतंय की रडतंय, हे पाठीमागून कळत नाही. मी पुढे जाऊन बघितलं. दोन्ही चाललं होतं.

"मी सुनीला फोन करून सांगतो," मी म्हणालो. "माझीच चूक आहे."

तिनं मान हलवली आणि लिहिलं, "सातवा लागलाय तिला. आत्ता नको." मग पुसून लिहिलं, "तुम्हाला येते का अंगाई?"

"येते की! घरात एवढी वर्षं ऐकली." आणि मी छाती काढून म्हटली,

"नीज गं चिमणे, उजाडलं बाई,
तुझ्या बाबाची रात सरली नाही..."

आणि थांबलो. कुसुम वाट बघत होती. मी घसा खाकरला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, म्हणजे वेगात तिसरी ओळ सापडेल. सापडली नाही. तेव्हा मला उमगलं. सुनी लहान असताना मी रातपाळी करून पहाटे यायचो आणि पडायचो. पोरगी रडून मला उठवू नये म्हणून कुसुम अंगाई म्हणायची. ती पोरीसाठी, पण झोपायचो मी! दुसऱ्या ओळीच्या पुढं मी कधी जागाच नव्हतो.

कुसुमनं पाटी मांडीवर घेतली. या वेळी भरभर नाही, सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं.

"केसांत त्याच्या कापूस फुलला,
वेचते हळूच, जागवू नको त्याला."

मी वाचलं. मिलमधून आलो की माझ्या डोक्यात रुई असायची, पांढरी, थरच्या थर. उठायचो तेव्हा नसायची. मला वाटायचं, उशीला लागून जाते.

तिनं पाटी पुसायला पदर उचलला, तर मी एवढ्या जोरानं ओरडलो की पेन्सिल तिच्या हातातून पडली. "पुसू नकोस!" मग कागद घेतला आणि चारही ओळी उतरवून काढल्या. चार ओळींना पाऊण तास लागला. 'वेचते' मधला च तिनं हात धरून गिरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, मी ओट्यावर मांडी घालून बसलो आणि पाठ करायला लागलो. कुसुम शेजारी, माझ्या गुडघ्यावर हातानं ताल देत. चाल चुकली की चिमटा. मी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा जागेपणी तिसरीवर पोचलो. कुसुमचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. तोवर गल्लीतले सगळे कुत्रे भुंकायला लागले होते, तीन घरांचे दिवे लागले होते, आणि शेजारचे चौबेजी टॉवेल गुंडाळून, डोळे चोळत फाटकाशी आले.

"काकाजी, मिल का भोंगा फिर चालू हो गया क्या?"

"हाँ भिया," मी म्हणालो, "पहली पाली है," आणि आमच्या सगळ्या सुदामा नगराला ऐकू जाईल अशी चौथी ओळ घेतली, "जागवू नको त्याला!"