वर्गातला एकच इंडियन

माझ्या आईनं फेटिया, आमच्या बायकांचा घागरा, का सोडला, हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तांड्यात सगळे समजतात की काळ बदलला तशी तीही बदलली. लेक कॉलेजात गेला म्हणून माय लुगडं नेसू लागली. सुधारली. लोक असं बोलतात तेव्हा मी मान हलवतो. खरं कारण मला ठाऊक आहे. ते सांगायचं तर आधी एका वर्गातलं सांगावं लागेल.

यवतमाळला बी.ए.ला मी इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं. चीनची लढाई झाली ते वर्ष. अमेरिकन वाङ्मयाचा भाग नुकताच लागला होता, आणि त्यातही अगदी सुरुवातीचा. म्हणजे अमेरिका हा देशच नव्हता, इंग्रजांची वसाहत होती, तेव्हाचं लिखाण. प्रवासाच्या हकिगती, चर्चमधली प्रवचनं, रोजनिशा. एकच जाड पुस्तक. त्याची एक प्रत सरांकडं, दुसरी लायब्ररीत. लायब्ररीतली बहुतेक वेळ माझ्यासमोरच असायची.

पहिला उतारा असा होता. गोरे लोक जहाजातून उतरतात. कडाक्याची थंडी. खायला दाणा नाही. तिथले लोक त्यांना धान्य आणून देतात, पेरायचं कसं ते दाखवतात. पुस्तकात त्या लोकांना इंडियन म्हटलं होतं. मी आदल्या दिवशी तो वाचून गेलो होतो, आणि मला वाटलं, हे तर आपलंच. आमचे आजे-पणजे बैलांवर धान्य लादून मुलुखभर फिरायचे. फौजांना दाणा पोचवायचे. इंग्रजांच्या फौजांनासुद्धा. म्हातारे हे सांगायचे तेव्हा त्यांची छाती फुगायची. ते इंग्रजी पुस्तकात छापून आलं, असं मला वाटलं.

मी उभा राहिलो. विचारलं, "सर, हे आपल्याकडं कुठं झालं?"

वर्गात हशा पिकला. बाकं बडवून पोरं हसली.

सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "अरे बाबा, हे इंडियन म्हणजे आपण नव्हे. तिथले मूळचे. रानटी लोक. टोळ्यांनी भटकायचं, अंगावर मणी-कवड्या मिरवायच्या, लुटालूट करायची." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तू लमाणांपैकी ना? म्हणजे तसा फार चुकला नाहीस."

आता जे हसणं झालं ते पहिल्यासारखं नव्हतं. पहिलं माझ्या चुकीला होतं. हे माझ्या आईबापाला होतं.

मी खाली बसलो. बसता बसता मीही हसलो. हे लिहायलाच हवं. मीही हसलो.

त्या दिवसापासून मी इंडियन झालो. मेसमध्ये, "अबे इंडियन, ते वरण सरकव इकडं." मैदानावर, "इंडियनले नको घेऊ बे, बॉल लुटून नेईन तो." गावात तेव्हा मिरवणुका निघत होत्या. जवानांसाठी सोनं गोळा होत होतं. चौकाचौकात सगळे भारतमातेची लेकरं. आमच्या वर्गात मात्र इंडियन मी एकटाच. सरसुद्धा हजेरी सोडली तर मला नावानं हाक मारेनासे झाले. "इंडियन, खिडकी लाव."

मी ओ द्यायचो. खिडकी लावायचो.

पुस्तक मात्र सोडलं नाही. कोणाला खोटं वाटेल, पण त्या जुन्या गोऱ्यांच्या रोजनिशा मला आवडायच्या. ती देवाला फार भिणारी माणसं. आज आपण कुठं खोटं बोललो, कोणाचं वाईट चिंतलं, हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवायची. दुसऱ्यांच्या जमिनी घेतल्या, ते पाप त्यात सहसा सापडत नाही. पण बाकीचं लिहायची. आज मी हे लिहितो आहे ती रीत त्यांच्याकडूनच उचलली असणार. तेव्हा वाचायचो, आणि स्वतःबद्दल मात्र एक ओळ लिहायची हिंमत नव्हती.

संक्रांतीनंतर कॉलेजचं गॅदरिंग होतं. सरांनी त्याच पुस्तकातल्या एका हकिगतीवरून छोटं इंग्रजी नाटक बसवलं. एका गोऱ्या बाईला इंडियन धरून नेतात. ती देवाचा धावा करते, शेवटी सुटून घरी येते. बाई झाला होता वसंता. वणीकडचा, घरी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, मोठी शेती. वाईट पोरगा नव्हता. मला इंडियन म्हणायचा, पण आपल्या घरचे लाडू माझ्या हातावर ठेवूनच म्हणायचा.

इंडियनांना काय घालायचं, यावर चर्चा चालली होती. वसंता म्हणाला, "सर, कापसाच्या जिनिंगमधून पोती आणू. कोंबडीची पिसं खोचू डोक्यात. झाले इंडियन." सर म्हणाले, "पोती चालतील."

विषय तिथं संपला होता. माझ्याकडं कोणी पाहतही नव्हतं.

"सर, मी आणतो कपडे. आरशांचे. आमच्या घरी आहेत."

हे मी म्हणालो. सरांनी मागितले नव्हते. कोणीच मागितले नव्हते. मी आपणहून देतो म्हटलं.

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कित्येक महिन्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. तेवढ्यासाठी मी आईचे कपडे दिले.

आमचा तांडा केळापूरच्या बाजूला, सडकेपासून आत. मी शनिवारी घरी गेलो. आईला सांगितलं, "सरांनी मागितलंय. कॉलेजात आपल्या पेहरावाचा मान होणार आहे." मी तिला याडी म्हणायचो. ती आमच्या गोरबोलीतच बोलायची, इथं मी मराठीत लिहितो. तिनं पेटी उघडली. कडुलिंबाचा पाला बाजूला सारला. लग्नातला घेरदार फेटिया काढला, आणि कांचळी. आरसे जडवलेली, कवड्या लावलेली ती चोळी तिनं लग्नाआधी स्वतः शिवली होती. आमच्याकडं कार्याला तिच्या टाक्याचं नाव निघायचं.

मला हाव सुटली. तिच्या कानाजवळ केसांत लोंबणारी चांदीची घुगरी मी मागितली. "ही पण दे, याडी. शोभून दिसंल."

तिचा हात घुगरीवर गेला. "ही कशी मागतोस रे? तुझा बाप जिवंत आहे ना?"

नवरा गेल्यावरच घुगरी उतरते. मला माहीत होतं. नाटकाच्या नादात मी ते विसरलो. ती रागावली नाही, हसली. म्हणाली, "कापड ने. मी येते पाहायला."

"तुला काय कळणार? सगळं इंग्रजीत आहे."

"मी कुठं ऐकायला येते? मी माझी कांचळी पाहायला येते."

आली. रोजचा फेटिया धुऊन, घुगरी घासून, एकटी एस.टी.नं आली. बायकांच्या बाजूला बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्याच राहिल्या. मी विंगेत होतो. पडदा ओढायचं काम माझ्याकडं होतं. फटीतून मला ती दिसत होती. मान ताठ. लग्नाला आल्यासारखी.

इंडियन आले. तोंडाला तव्याची काजळी फासलेली. एकानं फेटिया गळ्यात अडकवला होता. एकानं कांचळी डोक्याला बांधली होती. कवड्या खुळखुळवत, हू हू करत ते वसंताभोवती नाचले. लोक पोट धरून हसत होते. पिटातून कोणीतरी ओरडलं, "अबे, लमाणीन आली रे, लमाणीन!" आणि कोणाला तरी आई दिसली. त्यानं बोट दाखवलं. मग लोक एकदा स्टेजकडं पाहायचे, एकदा तिच्याकडं. पुन्हा स्टेजकडं. हसणं थांबेना.

ती उठली नाही. तिनं फक्त ओढणी पुढं ओढून घुगरी झाकली.

पडद्याची दोरी माझ्या हातात होती. सोडली असती तर पडदा पडला असता. फक्त सोडायची होती. मी ती घट्ट धरून उभा राहिलो. नाटक पूर्ण झालं. टाळ्या झाल्या. मग पाडला.

कपडे तिनं स्वतः गोळा केले. गळून पडलेले आरसे स्टेजवर वाकून वाकून वेचले, ओढणीच्या पदरात बांधले. वसंता गाऊन सावरत आला. म्हणाला, "मावशी, मी शोधू का?" ती वेचतच राहिली. तोही मग वाकून शोधायला लागला. मी पडद्याची दोरी गुंडाळत होतो.

सकाळी एस.टी. स्टँडवर तिला सोडायला गेलो. ती कपड्यांबद्दल बोलली नाही. लोकांबद्दल बोलली नाही. तिनं विचारलं, "त्या गोऱ्या बाईला धरून नेलं, तिथं तिला खायला कोणी दिलं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"कोणीतरी दिलंच असंल. एवढे दिवस जगली ना." गाडी लागली. ती चढली.

लायब्ररी उघडल्या उघडल्या मी ते पुस्तक घेतलं. त्या हकिगतीचा एक भाग सरांनी आम्हाला गाळायला सांगितला होता. मी तो कधी वाचलाच नव्हता. तिथं होतं. ज्यांनी तिला धरून नेलं त्यांच्यातल्याच एका बाईनं आपल्या वाट्याचे उकडलेले दाणे तिच्यापुढं ठेवले. विस्तवाजवळची जागाही दिली. चार ओळी फक्त. दाणे कसे लागले ते लिहिलं होतं. देणारीचं नाव नव्हतं.

पुढच्या तासाला सर म्हणाले, "चला इंडियन, वाचा."

मी उभा राहिलो. "सर, माझं नाव घ्या."

पोरं हसली. सरही हसले, आणि लग्नात नवरदेवाचं घ्यावं तसं माझं नाव लांबवून घेतलं. लायब्ररीतल्या प्रतीतून मी वाचायला लागलो. त्या चार ओळी.

"तो भाग सोडलाय. परीक्षेला नाही."

"काहून सोडला, सर?"

काहून. दोन वर्षं हा गावाकडचा शब्द मी जिभेवरून खरवडून काढत होतो. आता तो आपोआप आला.

"त्यात विशेष काही नाही. पुढं चला."

"त्यात जेवण हाय, सर. ज्यायले तुम्ही लुटारू म्हणता, त्यायच्यातल्या बाईनं आपल्या ताटातलं तिले देल्लं. ते सोडून बाकी सगळं आपण नाटकात घेतलं. काहून सोडलं ते सांगा."

"बाहेर जा."

मी त्या चार ओळी शेवटपर्यंत वाचल्या. मग बाहेर गेलो. कोणी हसलं नाही. वसंतानं मान वर केली नाही. त्यानंतर मी इंडियन या हाकेला कधीही ओ दिली नाही. सरांच्या नाही, कोणाच्याच नाही. पुढं हाकही बंद झाली.

होळीला घरी निघालो तेव्हा मी खुशीत होतो. आईला सांगायचं होतं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. वर्गात भांडून आलो, हेही सांगायचं होतं. तांड्यात होळीची लेंगी गाणी गात होते, डफ वाजत होता. आई दारात उभी होती.

लुगड्यात.

गावातल्या कुणब्यांच्या बाया नेसतात तसं हिरवं लुगडं. पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत. घुगरी पदराखाली. बाप जिवंत होता, म्हणून ती होती. दिसत नव्हती इतकंच.

ती म्हणाली, "आता तुझ्या कॉलेजात कधीही आले तरी कोणी वळून पाहणार नाही."

आणि मला बरं वाटलं. हेच मी कोणाला सांगितलं नाही. वर्गात भांडून आलेला मी, आईला लुगड्यात पाहून माझा जीव हलका झाला. उत्तर सांगायचं तर त्या नाटकाचा विषय काढावा लागला असता. मी काढला नाही. त्या होळीला नाही, पुढच्याही नाही. ती कॉलेजात पुन्हा कधी आली नाही. फेटिया पुन्हा अंगाला लावला नाही. लुगड्यातच गेली.

आज मी स्वतः इंग्रजी शिकवतो. कांचळी माझ्या कपाटात आहे, सुटलेले आरसे त्याच पदराच्या चिंधीत. माझी मुलगी मैत्रिणींना कौतुकानं सांगते, "आमची आजी त्या काळातही सुधारलेली होती." परवा तिनं हे माझ्यासमोर सांगितलं आणि मी नेहमीसारखी मान हलवायला गेलो. हलवली नाही.

या होळीला मी तांड्यात जाणार. तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या दारापुढं, सगळे जमलेले असतील तिथं उभा राहून सांगणार, की माझी आई सुधारली नव्हती. तिला लाजवलं होतं. सरांनी लाजवलं, हसणाऱ्यांनी लाजवलं, आणि कपडे मी पुरवले. कोणी थुंकलं तर थुंकू दे. माझ्यासमोर याला कोणी पुन्हा सुधारणा म्हणायचं नाही.

एवढं केलं तरी तिचं देणं फिटत नाही. तिनं एकच गोष्ट विचारली होती. उत्तर मला त्याच दिवशी सापडलं होतं, आणि ती जिवंत होती तोवर मी ते दिलं नाही. याडी, एका बाईनं दिलं. तिचं नाव कोणी लिहिलं नाही. हे मी तुझं देणं लागतो.