चौकोनातला थोरला भाऊ

नेकनूरहून बीडला येताना एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारबा तंबाखू मळत बसले होते. मी मांडीवर लॅपटॉप उघडून समुद्र बघत होतो. माझं कामच ते आहे. समुद्र कुठं किती तापला की आपल्याकडं पाऊस कसा पडेल, हे कॉम्प्युटरवरच्या मॉडेलकडून काढून घ्यायचं.

"ह्यात आमचं रान कुठं हाय?"

मी नकाशावर बोट ठेवलं. कॉम्प्युटर जमिनीचे मोठमोठे चौकोन पाडतो आणि एका चौकोनात सगळीकडं सारखाच पाऊस धरतो, असं सांगितलं.

मळणं थांबलं. "म्हंजी माज्या रानात जेवढा, तेवढाच थोरल्या भावाच्या?"

"हो."

"त्यानं माजा बांध कोरलाय. त्याला कामून पाऊस देता? काढा भायेर."

एकट्या भावाला काढता येत नाही, त्याच चौकोनात गेवराईसुद्धा आहे, असं मी समजावलं. गेवराईबद्दल त्यांची काही हरकत नव्हती. चुन्याचं बोट स्क्रीनवर फिरवत ते भावाचं रान शोधत राहिले, आणि अर्ध्या मराठवाड्यावर पांढरा पट्टा उमटला.

बीडच्या स्टँडवर ते उतरायला निघाले, दारापर्यंत गेले आणि गर्दीतून परत आले.

"ऱ्हाऊ द्या त्याला आत," ते खाली वाकून हळूच म्हणाले. "त्याचं रान वरच्या अंगाला हाय. तिकडं पडल्याबिगर माज्या हिरीला पाणी येत न्हाई."

आमच्या मॉडेलमध्येही पाणी असंच वरून खाली येतं. कोरलेला बांध मात्र आम्हाला अजून त्यात बसवता आलेला नाही.