वन्संचा डावा पाय

माझ्या नणंदेला गाडीची हौस होती, असं आमच्या घरात म्हणतात आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. हौस पडद्यांची असते, कुंड्यांची असते. वन्संना गाडी चालवता यायची आणि ती त्यांना हवी तशी चालवायची होती, याला हौस म्हणत नाहीत. पुरुषाने केलं असतं तर कुणी म्हटलं असतं का?

लग्न केलं नाही. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची नोकरी निवृत्तीपर्यंत केली आणि आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहिल्या. मी वर. इतक्या वर्षांत आमचं कधी वाजलं नाही, कारण गोडगोड बोलणं दोघींनाही जमत नाही. जे असेल ते तोंडावर, की संपलं.

गाडी छोटी, गडद हिरवी, गियरची. पैसे वन्संचे, पसंती वन्संची. पण शोरूममध्ये पुढे झाले आमचे हे, त्यांचे थोरले भाऊ, आणि कागदावर नाव ह्यांचं लागलं. घरात पुरुष माणूस असताना बाईचं नाव कशाला, असं कुणी म्हणालंही नाही. म्हणायची गरजच नव्हती. हे गेले तेव्हा बाकी सगळ्याबरोबर गाडीही माझ्या मुलाच्या नावावर झाली. वन्संनी लक्ष दिलं नाही. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती, त्यांच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

त्यांनी गियर कधी बदलला ते शेजारी बसलेल्याला कळायचं नाही. बोलता बोलता हात खाली जायचा, पुन्हा वर यायचा, वाक्य तुटायचं नाही. इंजिन धापा टाकायला लागलं की खालचा, उगाच कोकलायला लागलं की वरचा. काट्याकडे बघत नसत. गियरच्या दांड्यावर हात विसावून बसणाऱ्यांचा त्यांना राग यायचा, आणि क्लचवर पाय टेकवून ठेवणाऱ्यांचा त्याहून जास्त. काम झालं की पाय बाजूला, हा त्यांचा कायदा. एकदा माझ्या मुलाने गाडी जरा पुढे घेतली तेव्हा त्याचा पाय तिथेच रेंगाळलेला दिसला. "पायपुसणं वाटलं का रे ते?" एवढंच म्हणाल्या आणि त्याला उतरवलं.

या गाडीवर त्यांनी कुणालाही शिकवलं नाही. मला नाही, मुलाला तर नाहीच. कॉलेजात असताना तो आत्याच्या मागे लागला होता. शिकायचं तर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मोड म्हणाल्या, त्या गाड्या मोडायलाच असतात. तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकला. बरेच दिवस रुसला होता. पुढे विसरला, असं मला वाटलं.

मग वन्संचा डावा गुडघा गेला. गर्दीत दर चार पावलांवर क्लच दाबायचा आणि दर वेळी कळ मस्तकात. स्वतःचा एक्स-रे त्यांनी खिडकीसमोर धरला आणि मला म्हणाल्या, गादी पार संपलीय, जळलेल्या क्लच प्लेटसारखी. डॉक्टरांचं म्हणणं होतं की चालण्यापुरतं गोळ्यांवर निभेल, घर तळमजल्यावर आहे, ऑपरेशनची घाई नको. वन्संनी विचारलं, आणि क्लच? डॉक्टर हसले. वन्सं हसल्या नाहीत.

मी म्हटलं, वन्सं, या वयात हाड कापून घ्यायचं? टॅक्सी दाराशी येते. तर म्हणाल्या, "वहिनी, मागच्या सीटवर मला उलटी होते, तुला माहितेय."

आणि घेतलं कापून. त्यानंतरचे दिवस मी पाहिले आहेत, म्हणून सांगते, ते शत्रूवर येऊ नयेत. व्यायाम शिकवणारी बाई येऊन जायची, आणि ती गेल्यावर वन्सं पलंगाच्या पायाला टॉवेलची गुंडाळी लावून डाव्या पायाने दाबत बसायच्या. दाबायची, सावकाश सोडायची. सोडायची तर फारच सावकाश. घामाने गाऊन भिजायचा. त्या बाईला वाटायचं, काय जिद्दीची पेशंट आहे. मला ठाऊक होतं, बाई पलंगावर बसून गाडी चढणीला लावतेय.

दुसरी किल्ली मुलाकडे दिली होती. अधूनमधून त्याला विचारायच्या, गाडी सुरू करून ठेवतोस ना रे? तो म्हणायचा, हो आत्या.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं चपला सोडून बूट घालून, हातात किल्ली घेऊन पार्किंगमध्ये आल्या. मी मागोमाग. त्यांच्या जागेवर एक पांढरी नवीकोरी गाडी, बॉनेटवर लाल रिबन, शेजारी माझा मुलगा हात मागे बांधून उभा.

"माझी कुठंय?"

"विकली, आत्या. ही ऑटोमॅटिक आहे. क्लचच नाही. डावा पाय नुसता आरामात ठेवायचा."

वन्संनी आधी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "मग हा गुडघा मी कशाला बदलून घेतला?"

"चालायला," तो म्हणाला आणि हसला. त्याला खरंच वाटत होतं की त्याने चांगलं केलंय. आपलेच दात, आपलेच ओठ; पण त्या सकाळी दात पाडावेत असं मला वाटलं. मला त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. नाव त्याचं, सही त्याची. विचारतो कुणाला?

घे ना, चालवून बघ, म्हणून त्याने त्यांना बसवलंच. मी मागे. गाडी फाटकातून बाहेर पडली, सरळ रस्ता बरा गेला. कोपऱ्यावर वळण आलं, वेग उतरला, आणि इतक्या वर्षांची सवय तिचं काम करून गेली. डावा पाय उठला आणि क्लच समजून पूर्ण ताकदीने ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी गोठली. मुलाचं कपाळ पुढे आपटलं, त्याने पट्टा लावला नव्हता. मागून एक स्कूटर येऊन धडकली. स्कूटरवाला आमच्या सात पिढ्या काढत होता आणि वन्सं स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होत्या.

"गुडघा चांगला बसलाय," त्या म्हणाल्या.

त्या दिवसानंतर घरात ठरलं की आत्याने आता चालवू नये. कुणी ठरवलं म्हणून विचारू नका. अशा गोष्टी ठरतात. पांढरी गाडी मुलगा ऑफिसला नेऊ लागला. घ्यायची कुणासाठी होती, कोण जाणे.

मग एका दुपारी माझ्याकडे चहा पिताना वन्संचा कप हातातच थांबला. खाली गल्लीत कुठलीतरी गाडी आचके देत बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद. "माझी आहे," म्हणाल्या. मी खिडकीतून पाहिलं. गडद हिरवी, छतावर पाटी, मागे लाल रंगात मोठा एल. मुलाने ती त्याच ड्रायव्हिंग स्कूलला विकली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, नीट ठेवलेली होती, त्यांनी लगेच घेतली. तेवढंच. मनात दुसरं काही होतं का, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

रोज ती गाडी आमच्या फाटकासमोरून आचके देत जायची. वन्संनी काही दिवस सोसलं, आणि मग तिथे जाऊन स्वतःचं नाव घातलं. ज्या बाईने जन्मात कुणाला आपल्या गाडीवर शिकू दिलं नाही, ती आपल्याच गाडीवर शिकाऊ म्हणून पैसे भरून आली. मला म्हणाल्या, चल, मागे बस, तोंड मिटून.

शिकवणाऱ्या मास्तरांना त्यांनी फक्त सांगितलं, ऑपरेशननंतर सवय करायची आहे. या गाड्यांत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. त्यांनी दाबला की शिकणाऱ्याचाही खाली जातो. वन्संनी सीट पुढे घेतली, आरसा लावला, दांड्यावरून एकदा हात फिरवला. मग डावा पाय क्लचवर ठेवला. दाबायच्या आधीच तो त्यांच्या पायाखालून खाली गेला.

"मास्तर, पाय काढता का जरा?"

"आजी, या वयात कशाला जोखीम? तुम्ही स्टिअरिंग धरा. क्लच-ब्रेक माझ्याकडे."

वन्सं भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी डावा पाय उचलला आणि बाजूला चटईवर ठेवला. पूर्ण चक्कर त्यांनी नुसतं स्टिअरिंग धरलं. मास्तर एका हाताने फोनवर बोलत होते, पाय क्लचवर. गाडीत जळका वास भरला होता. उतरताना त्यांनी वन्संना शाबासकी दिली, हळूहळू जमेल म्हणाले, उद्या या.

परत येताना वन्सं माझ्यापेक्षा भरभर चालत होत्या. त्या पुन्हा गेल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवला. इतका चांगला क्वचित होतो म्हणाले. आम्हाला माझ्या मुलाने पांढऱ्या गाडीतून नेलं होतं. पुढच्या सीटवर त्याची बॅग, त्याचा डबा. वन्सं मागे माझ्याशेजारी, काच पूर्ण खाली, मांडीवर तोंड उघडून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी.