सोनोग्राफीच्या बाकावर भेटलेली बाई

निऱ्या खोचताना डाव्या बरगडीखाली हाताला काहीतरी टणक लागलं. दुखत नव्हतं, म्हणून दोन महिने मी कुणाला बोलले नाही. गळ्यातलं इष्टलिंग रोज तळहातावर धरून पूजा करणाऱ्या लिंगायत बाईच्या पोटात असलं काही वाढेलच कसं, असं मनाला समजावत राहिले. मग जेवण दोन घासांवर आलं, तेव्हा यांनी मला उमरग्यातल्या एका दवाखान्यात नेलं. "चरबीची गाठ दिसते, सोमवारी काढून टाकू," डॉक्टर म्हणाले आणि सोनोग्राफीला पाठवलं.

तिथं बाकावर शेजारी सीमेपलीकडची एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, पण पार वाळलेली. मला कन्नड येतं, म्हणून बोलणं निघालं. माझं ऐकताच तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "अक्का, गडबड माडब्याड्री." घाई करू नका. तिचीही गाठ चरबीची म्हणून न तपासता कापली होती. थोडी आत राहिली आणि आता पोटभर पसरली होती. "आधी सुईनं तपासून घ्या," ती म्हणाली. इतक्यात माझं नाव पुकारलं. बाहेर आले तर बाक रिकामा होता. ती पुन्हा दिसली नाही.

घरी हे वैतागले. "ओळख न्हाय, पाळख न्हाय, तिचं कशाला ऐकायचं?"

"मला लई भ्या वाटतंय. सोमवारी म्या येणार न्हाय," मी म्हणाले. लग्नानंतर यांना इतकं ठाम कधी बोलले नव्हते.

शेवटी हेच मला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं सीटी स्कॅन झाला, सुईनं तुकडा काढून तपासला. मग अहवाल आला. "कुणी हात लावला नाही हे बरं झालं," तिथले डॉक्टर म्हणाले. "चरबीतून उठणारा हा दुर्मिळ कॅन्सर आहे. गाठ न फोडता अख्खी काढावी लागेल. किडनी चिकटली असेल, तर तीही जाईल."

ऑपरेशनच्या दारात सिस्टर म्हणाल्या, "मावशी, गळ्यातलं काढा." दीक्षेपासून इष्टलिंग कधी अंगावेगळं केलं नव्हतं. दोऱ्याची गाठ मला सुटेना. शेवटी यांनीच दोरा सोडवला आणि लिंग स्वतःच्या छातीशी धरलं. मी उघडी पडल्यासारखी झाले. मनात म्हटलं, देवा, आजवर मी तुला धरून होते. आता माझे हात रिकामे आहेत, तूच धर.

गाठ अख्खी निघाली, डावी किडनीही गेली. दर काही महिन्यांनी सीटी असतो. भीती गेलेली नाही. पण आता पूर्वीसारखी तिला दाराबाहेर ठेवून पूजेला बसत नाही. जशी आहे तशी, घाबरलेलीच, देवासमोर बसते.