रुचिता मराठीत बोलली तेव्हा

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. तात्यापारा मोहल्ल्यातल्या मुलींच्या एका शाळेत गुरुवारचा शेवटचा तास ‘मनाचा’ ठरला. मुलींनी आपला राग ओळखावा, भीती बोलून दाखवावी, दुसरीचं ऐकून घ्यावं, एवढ्यासाठी. हा तास कोणालाच नको होता. शेवटी तो गणिताच्या सत्यभामा मेश्राम बाईंच्या गळ्यात पडला.

बाई पन्नाशीच्या, शिस्तीच्या. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि सहावीच्या मुलींना सतरंजीवर गोल करून बसवलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, “यहाँ की बात यहीं रहेगी.”

दोन महिने मुली नुसत्या खिदळल्या. मग एका गुरुवारी रुचिताची पाळी आली. वर्गात सगळं हिंदीतून चाले, पण ती खाली बघत मराठीत म्हणाली, “मले घरी जायचं भेव वाटते, मॅडम. बाबा मारते. आईले बी, मले बी.”

गोलात बाईंशिवाय मराठी कळणारी दुसरी कोणी नव्हती. शेजारच्या मुलीनं विचारलं, “क्या बोली?” बाई म्हणाल्या, “कुछ नहीं,” आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

घरी गेल्यावर त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. मारोतीराव रेल्वेत होता. म्हणाला, “तू एकटी काय करशीन? मोठ्या मॅडमला सांग.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापिका सरोजिनी मॅडमना सांगितलं. मॅडम मनानं चांगल्या. त्यांनी रुचिताच्या वडिलांना बोलावलं, समोर बसवलं, समजावलं. वडिलांनी हात जोडले, चूक झाली म्हणाले. निघताना रुचिताला वर्गातून सोबत नेलं. दारातून तिनं एकदाच बाईंकडे पाहिलं.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. आठ दिवसांनी तिच्या घराशेजारच्या एका मुलीकडून कळलं, की त्या संध्याकाळी वडिलांनी फार मारलं आणि पोरीला गोंदियाकडे आजीच्या गावी सोडून आले.

बाईंना काही सुचेना. फळ्यावर गणित मांडायच्या आणि मधेच थांबायच्या. सतरंजीवर बसलेल्या मुलीही आता काही बोलत नव्हत्या. काय झालं ते त्यांना कळलं होतं.

रविवारी बाई एकट्याच गोंदियाच्या गाडीत बसल्या. गावात रुचिताच्या आजीनं, अंजनाबाईंनी, त्यांना घरात घेतलं, चहा केला. रुचिता अंगणात तांदूळ निवडत होती. कपाळावरची खोक सुकत आली होती.

“माझं चुकलं, बेटा,” बाई म्हणाल्या. “तुले विचारल्याबिगर सांगाले नव्हतं पाहिजे.”

रुचितानं सूप खाली ठेवलं नाही. निवडता निवडता म्हणाली, “मी तिथं होती तं मधात पडत होती. आता आईच्या मधात कोण पडन?”



परत आल्यावर त्या पोलिस चौकीत गेल्या. तिथे म्हणाले, त्याची बायको स्वतः लिहून देईल तर बघू. मग दर गुरुवारी शाळा सुटली की त्या रुचिताच्या घरी जाऊ लागल्या. वडील त्या वेळी कामावर असत. आई दार उघडत नसे. बाई बाहेरूनच बोलत. गोंदियाला जा, मी सोबत येते, चौकीत लिहून द्यायचं असेल तर मी देते लिहून, तू सही कर, राहायला माझं घर आहे. आतून भांड्यांचा आवाज थांबायचा, म्हणजे ऐकणं सुरू होतं.

पाचव्या गुरुवारी दार बोटभर उघडलं. आईचा डोळा सुजलेला होता.

“मॅडम, तुम्ही येत नका जाऊ. शेजारचे सांगतात त्याईले. मग मलेच मार पडते.”

बाई उभ्याच राहिल्या. येणं बंद केलं तर ही एकटी. येत राहिलं तर हिलाच मार. यातलं कोणतं कमी वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

“बरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “नाही येत.”

दार बंद होता होता थांबलं.

“पोट्टी जेवते काय तिथं?”

“जेवते. आजी बसवते समोर.”

“शाळा?”

“आजीनं नाव घातलं, तशी चिठ्ठी आली. जाते.”

आईनं मान हलवली. तिच्या तोंडावर काही हललं, पण ते हसू होतं की रडू, तेवढ्या फटीतून बाईंना दिसलं नाही. कडी लागली. बाई पायऱ्या उतरून खाली आल्या आणि रस्त्यावर आल्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांना उभ्या-उभ्या रडू आलं.